रोस्विटाने निवडलेले दगड

रोस्विटा रुपेन्थालला तळलेले मासे आवडायचे, पोहणारे नाही. लग्न ठरलं तेव्हाच आल्बानने तिला सांगून टाकलं होतं, की आपल्या घरात माशांच्या टाक्या आहेत आणि त्या राहणार. तिने विचारलं, "किती टाक्या?" तो म्हणाला, "आत्ताच्या?" त्या एका शब्दावरून आपण काय ते ओळखायला हवं होतं, असं ती पुढे लोकांना सांगायची.

दोघंही इडार-ओबरस्टाइन गावची. तिथे घरटी एक तरी माणूस दगडावर पोट भरतो. आल्बानचा आजा पाळण्यासारख्या लाकडी चौकटीवर पालथा पडून, पुरुषभर उंचीच्या चाकावर अकीक, म्हणजे आत रंगीत पट्टे असलेला दगड, घासायचा. बाप बसून घासायचा. आल्बान उभा राहून घासू लागला. "तुझ्या पोराने आता पळत पळत घासायला हवं," असं रोस्विटा म्हणायची. पण फोल्करने, म्हणजे मुलाने, दगडाला हातच लावला नाही. तो माइन्त्सला विमा कंपनीत लागला. रोस्विटा स्वतः खालच्या पेठेत बुटांच्या दुकानात होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या चालण्यावरून ती माप ओळखायची, आणि बहुतेक वेळा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हेही त्याला तिच्याकडूनच कळायचं.

संसारात वाटणी साधी होती: मासे तुझे, पडदे माझे. टाकीत तिने कधी बोट बुडवलं नाही. आल्बान गावातल्या मत्स्यप्रेमींच्या क्लबातला जुना माणूस. बाकीचे लोक मासे वाढवायचे, झाडं वाढवायचे, पण टाकीत घालायचा दगड आधी आल्बानच्या नजरेखालून जायचा. कोणी सहलीहून दगड उचलून आणला की तो आधी विचारायचा, "कुठल्या नदीतला?" ओढ्यातला म्हटलं तर, "पुलाच्या वरचा की खालचा?" तळघरात त्याच्या लाकडी पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. कारखान्यातून उरलेले तुकडे, व्यापाऱ्यांनी दिलेले नमुने, कुठल्या कुठल्या खाणीतले खडे. पेट्यांवर नावं नव्हती. नावं आल्बानच्या डोक्यात होती.

तो निवृत्त झाला त्याच्या पुढच्या वसंतात, सकाळी पाव कापताना त्याच्या हातातून सुरी पडली. त्याने त्या सुरीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. रोस्विटा म्हणाली, "अरे, उचल ना." तो काहीतरी बोलला, पण त्याचे शब्द झाले नाहीत.

इस्पितळ झालं, मग उपचारकेंद्रात कित्येक आठवडे झाले. पाय थोडा परत आला. हात आला नाही. आणि बोलणं गेलं ते गेलंच. सगळा शब्दसाठा वाहून गेला आणि गाळात अडकल्यासारखा एकच शब्द मागे राहिला: "बोंबला!" आल्बान आयुष्यात फारसा शिव्या देणारा नव्हता, पण नशिबाने त्याच्यासाठी नेमका हाच राखून ठेवला होता. भूक लागली तरी बोंबला, डॉक्टर आले तरी बोंबला, आणि पाद्रीबाबा भेटायला आले तेव्हाही तेच. पाद्रीबाबा समजूतदार होते. म्हणाले, "खरंय, आल्बान. माझंही हेच मत आहे."

मधल्या काळात क्लबाचे लोक येऊन मासे बादल्यांतून घेऊन गेले होते. लहान टाक्या कुणाकुणाला देऊन टाकल्या. बैठकीतली मोठी टाकी तेवढी राहिली. कोरडी, काचेवर पाण्याची पांढरी रेघ उमटलेली. घरी आल्यावर आल्बान खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत राहायचा.

"आई, ती विकून टाक," फोल्कर फोनवर म्हणाला. "त्याला उगीच आठवण येत राहते."

"आठवण येऊ नये म्हणून मग त्यालाही विकून टाकू का?" रोस्विटा म्हणाली.

त्या आठवड्यात क्लबाचे तिघं आले. म्होरक्या एवाल्ड, पूर्वी गावात टपाल वाटायचा तो. मनाने चांगला माणूस. टाकी पुन्हा मांडून द्यायची, आल्बानचे एंजल मासे परत आणून सोडायचे, असा त्यांचा बेत. तिघं टाकीसमोर उभे राहून हातवारे करू लागले. इकडे झाडाचं मूळ, तिकडे उभा दगड, मागे झाडं. आल्बान त्यांच्या पाठीमागे खुर्चीत होता. त्याला टाकी दिसत नव्हती, तीन पाठी दिसत होत्या. रोस्विटा कॉफी घेऊन आली तेव्हा त्यातल्या एकाने तिला हळूच विचारलं, "त्याला कॉफी चालते का गं?"

"त्याला विचार," ती म्हणाली. "तो मेला नाहीये, बसलाय."

तिने ट्रे खाली ठेवला. "आणि टाकी त्याची आहे. दगड तो निवडेल. त्याच्या मर्जीशिवाय आत एक खडा जाणार नाही."

"अगं, पण तो सांगणार कसा?" एवाल्ड म्हणाला.

"ते आमचं आम्ही बघू."

दारापर्यंत जाऊन एवाल्ड परत वळला. "एवढंच कर, रोस्विटा. चुन्याचा दगड घालू नको. तो पाण्यात विरघळत राहतो, पाणी जड होतं. आपलं इथलं पाणी हलकं, म्हणून तर एंजल इथे खूश असतात."

"चुन्याचा ओळखायचा कसा?"

"सांगतो ना, सोपं—"

"नको," ती म्हणाली. "आल्बानला माहीत आहे."

हा हट्ट होता, आणि तो हट्ट आहे हे तिलाही कळत होतं. पण तिघांच्या त्या पाठी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून ती तळघरातून दगड वर आणू लागली. पेटी उचलवेना, म्हणून कपडे धुवायच्या टोपलीतून थोडे थोडे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, आल्बानला समोर बसवलं आणि एकेक दगड त्याच्यापुढे धरून ती विचारू लागली, "हा चालेल?"

आल्बान होकारार्थी मान डोलवायचा. किंवा नकारार्थी हलवायचा. ती त्याप्रमाणे दोन ढीग करत गेली. एक दगड तिला फारच आवडला: हिरवागार, आत गडद-फिक्या हिरव्या रेषांची वळणं, मोराच्या पिसावर असतात तशी. "हा?" आल्बानने जोरात मान डोलावली. पितळेसारखे चमकणारे चौकोनी खडे होते, गावात त्यांना मांजराचं सोनं म्हणतात. "हे?" त्यांनाही होकार. साधा करडा, कुणीही रस्त्यावर लाथाडावा असा एक गोटा होता, त्याला मात्र नकार. तिला थोडं नवल वाटलं, पण त्याचं तो जाणे.

टाकी मांडून झाली. एवाल्डने मासे लगेच दिले नाहीत. एका बरणीत गोगलगाई आणि नखाएवढ्या कोळंब्या आणून दिल्या. "आधी हे सोड. यांना सोसलं तर माशांना सोसेल."

त्यांना सोसलं नाही. दोन-तीन दिवस कोळंब्या वेड्यासारख्या इकडून तिकडे धावत होत्या. तिला वाटलं, खेळतात. मग त्या आडव्या पडलेल्या दिसू लागल्या. गोगलगाई शंखात शिरून तळाशी निपचित. एवाल्ड आला, त्याने काचेला नाक लावलं आणि तो हिरव्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा कुणी घातला? अगं, हा मॅलेकाइट. यात तांबं असतं. गोगलगाईला तांबं म्हणजे विष."

तो गेल्यावर रोस्विटा स्वयंपाकघरात आली. आल्बान टेबलाशीच होता.

"तू मान डोलावलीस," ती म्हणाली. "मी तुला विचारलं, आणि तू होय म्हणालास. डोकं जागेवर आहे ना तुझं? का मी उगाच जगाशी भांडतेय?"

आल्बानने मान डोलावली. मग हलवली. मग डोलावली. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "बोंबला," तो म्हणाला, "बोंबला, बोंबला," आणि त्याला रडू कोसळलं. चेहऱ्याची एकच बाजू रडत होती. रोस्विटाला ते बघवेना. ती मागच्या अंगणात जाऊन कोळशाच्या खोलीशी उभी राहिली. घरात परत जायला तिला बराच वेळ लागला.

मंगळवारी केस्लरबाई यायच्या, वाचा परत आणण्याचे उपचार करणाऱ्या. त्या चित्रांचे पत्ते दाखवायच्या: सफरचंद, खुर्ची, छत्री. आल्बान त्या पत्त्यांकडे एखाद्या भेगाळलेल्या मालाकडे बघावं तसा बघायचा. त्या दिवशी जाताना रोस्विटाने त्यांना जिन्यात गाठलं आणि दगडाचं सगळं सांगितलं.

"रुपेन्थालबाई, होय आणि नाही हेही शब्दच आहेत," केस्लरबाई म्हणाल्या. "मानेने म्हटले तरी शब्दच. तेही त्यांचे उलटसुलट होतात. त्यांना मनात नाही म्हणायचं असतं आणि मान होय म्हणून जाते. गेली की त्यांना कळतंही, पण सुधारता येत नाही. म्हणजे त्यांना कळत नाही असं नव्हे."

"मग विचारायचं कसं?"

"विचारू नका. हातात देऊन बघा. हाताला काय काय आठवतं, ते मलाही नक्की सांगता येणार नाही."

रोस्विटाने त्या दुपारी टेबल नव्याने मांडलं. आल्बानच्या डाव्या हाताशी पावाचा ट्रे. खाली जमिनीवर कोळशाची बादली. काही न विचारता तिने हिरवा दगड त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला.

आल्बानने तो बादलीकडे नेला आणि सोडून दिला. धाडकन आवाज झाला. मग त्याने हात पुढे केला: आण.

त्यानंतरच्या दुपारी अशाच गेल्या. कारागिराचा हात उजवा होता आणि तो मांडीवर मेल्यासारखा पडला होता. पण डावा मुळीच अडाणी नव्हता. दगड आला की तो आधी अंगठ्याने कडा चाचपायचा. मग चक्क जिभेने चाटायचा, कारण ओला झाल्याशिवाय दगड रंग दाखवत नाही. कारखान्यात सगळेच चाटायचे. मग ट्रे, नाहीतर बादली. तो लाथाडावा असा करडा गोटा आता थेट ट्रेमध्ये गेला. आतून तो अकीक होता, न रंगवलेला. पाटीचा दगड ट्रेमध्ये, लाल आणि पिवळा जॅस्पर ट्रेमध्ये, काळा बेसॉल्ट ट्रेमध्ये.

मांजराचं सोनं बादलीत पडलं तेव्हा रोस्विटा हळहळली. "एवढं छान, आणि फेकतोस?" आल्बानने तिच्या टोपलीच्या तळाकडे बोट दाखवलं. ते खडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, ते तळघरातल्या ओलीने तपकिरी पडलं होतं, आणि खडे टेकले होते तिथे कागद खाऊन गेल्यासारखा भोकं पडलेला होता. तिने तो कागद उजेडात धरून पाहिला. जे कागदाला खातं ते पाण्यात माशांना काय सोडणार आहे! तिने बादली आणखी जवळ सरकवली.

एका दगडी गुलाबावर, म्हणजे वाळूतच उमललेल्या फुलासारख्या दगडावर, आल्बानने नुसतं नख ओढलं. पांढरी भुकटी निघाली. नखाने निघतो तो पाण्यात किती टिकणार? बादली. गुलाबी अकिकाच्या चकत्या होत्या, तिला फार आवडायच्या, एक तिने देवघरातल्या वस्तूसारखी कपाटात ठेवलेली. आल्बानने कपाकडे खूण केली. तिने पाणी ओतून दिलं. त्याने ते प्यायलं नाही. चकती पांढऱ्या कपात टाकली आणि कप खिडकीशी सरकवला. काही दिवसांनी कपातलं पाणी सरबतासारखं झालं होतं. गावात अकीक रंगवायच्या भट्ट्या किती, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. फक्त आपल्या कपाटातली चकतीही त्यातलीच असेल असं तिने कधी मनात आणलं नव्हतं.

अडचण पांढऱ्या दगडांची. ते पुष्कळ होते आणि दिसायला सगळे सारखे. आल्बानही अडखळायचा, चाटायचा, उजेडात धरायचा, परत टेबलावर ठेवायचा. न ट्रे, न बादली. असे बरेच दगड टेबलाच्या टोकाला साचले.

एका दुपारी जेवायला मसुराचं सूप होतं. आल्बानने सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली तिच्याकडे ढकलली. तिने उचलून त्याच्या ताटलीत थोडा सिरका घातला.

"बोंबला!"

"जास्त झाला?" तिने ताटल्यांची अदलाबदल केली. त्याने बाटली पुन्हा ढकलली. तिने आपल्या सुपात घातला.

"बोंबला!" सूप सांडलं.

"आता माझ्या डोक्यावर ओतू का?" रोस्विटा ओरडली.

आल्बानने बाटली काखेत धरली, दातांनी बूच उपटलं, थुंकलं, आणि पुढे वाकून टेबलाच्या टोकाच्या पांढऱ्या दगडावर सिरका ओतला. दोघं बघत राहिली. आधी काहीच नाही. मग दगडावर बारीक बारीक बुडबुडे आले, फेस झाला, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येत होती.

"चुना," रोस्विटा म्हणाली. "हाच तो चुना."

आल्बानने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. अर्ध्या तोंडाने, पण आवाज काढून हसला. झटका आल्यापासून पहिल्यांदा. तिलाही हसू आलं, आणि दोघं सांडलेल्या सुपासमोर बसून लहान पोरांसारखी हसत राहिली. मग तिने सगळ्या पांढऱ्या दगडांना रांगेत लावून सिरक्याची आंघोळ घातली. फेस आला त्यांना बादली, नाही आला त्या गारगोट्या. संध्याकाळपर्यंत घराला लोणच्याच्या बरणीचा वास येत होता.

सगळंच काही तिला नीट जमलं असं नाही. दगड स्वच्छ करायला तिने ते अंड्यांसारखे पातेल्यात उकळायला ठेवले. आल्बान आत बसून बोंबा मारत होता, ती म्हणत होती, "आले, आले," तेवढ्यात पातेल्यात फटाका फुटावा तसा एक दगड फुटला. आत पाणी अडकलेलं असावं. झाकण होतं म्हणून निभावलं. पुढे तिने ब्रश आणि गरम पाण्यावर भागवलं, साबणाशिवाय.

पेट्यांच्या तळाशी शेवटी एक स्फटिक निघाला. हातभर लांब, काचेसारखा स्वच्छ, सहा बाजूंचा, टोक सुईसारखं. आल्बानच्या उस्तादाने त्याला दिलेला. त्याने तो चाटला नाही. मांडीवर ठेवून बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग टोकावर अंगठा टेकवला, आणि अंगठा रोस्विटाला दाखवला. रक्ताचा ठिपका आला होता.

"टोचतो. माशांना लागेल," ती म्हणाली. "मग राहू दे. खिडकीत ठेवू."

त्याने मान डोलावली, पण मानेकडे आता कोण बघतंय? हाताने तो तळघराच्या दाराकडे दाखवत होता. तिने खालून एकेक वस्तू आणून दाखवली, शेवटी घासायच्या कागदांचा गठ्ठा आणला तेव्हा तो थांबला. तिने स्फटिक दोन्ही हातांनी टेबलावर धरायचा आणि त्याने डाव्या हाताने ओल्या कागदाने टोक घासायचं. स्फटिक कागदाला सहजासहजी दाद देत नाही. कितीतरी दुपारी ते चाललं होतं. त्यातल्याच एका दुपारी फोल्कर आला.

"हे काय करताय?" त्याचं तोंडच उघडं राहिलं. "आई, टोक घालवलं की असल्या स्फटिकाची मातीमोल किंमत होते! आणि तेही माशांसाठी?"

"बोंबला," आल्बान शांतपणे म्हणाला आणि घासत राहिला.

"ऐकलंस ना?" रोस्विटा म्हणाली. "आता आलाच आहेस तर इकडे धर. माझे खांदे दुखताहेत."

फोल्करने कोट काढला आणि स्फटिक धरला. बापाच्या हाताखाली तो आयुष्यात पहिल्यांदाच काम करत होता. थोड्या वेळाने आल्बानने कागद थांबवला, मुलाचं बोट धरून टोकावर फिरवलं. "अजून थोडं खडबडीत आहे," फोल्कर म्हणाला, कुणी विचारलं नसताना. रात्रीच्या जेवणापर्यंत दोघं तिथेच होते.

मांडणीच्या दिवशी आणखी एक भांडण झालं. रोस्विटाने आधी वाळू पसरून वर मोठे दगड रचले, आणि आल्बानने काचेवर टकटक करून, बोंबलून, ते सगळं बाहेर काढायला लावलं. "तुला झालंय तरी काय?" म्हणत तिने काढलं. एवाल्ड मदतीला आला होता. तो काही बोलणार होता, पण तिच्याकडे बघून दगड उतरवून घेऊ लागला. मग आल्बानने फडताळातली रबरी चटई मागितली आणि ती तळाच्या काचेवर अंथरायला लावली. जड दगड तिच्यावर, आणि वाळू सगळ्यात शेवटी, भोवतीने. वाळूवर ठेवलेला दगड वाळू सरकली की कलंडतो, आणि मग काच जाते, हे तो काढताना तिच्या हातांनाच समजलं. दगड डुगडुगत होता.

या वेळी कोळंब्या जगल्या. गोगलगाईंनी काचेवर अंडी घातली. मग एवाल्डने एंजल परत आणले.

केस्लरबाईंनी टाकी पाहिली आणि पत्ते पिशवीतून काढलेच नाहीत. "मला जरा दगड आणून द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी आल्बानच्या हातात एक लाल तुकडा दिला आणि नुसत्या बसून राहिल्या. आल्बानने तो चाटला. केस्लरबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, हे रोस्विटाने लक्षात ठेवलं. आल्बानच्या ओठांची खटपट चालली होती. मग तो म्हणाला, "जॅस्पर."

स्पष्ट, उजळणी केल्यासारखा. तो स्वतःच दचकला. रोस्विटाने सुपाची ओगराळी खाली ठेवली.

पुढे शब्द आले ते असे दगडांच्या रांगेने. अकीक, गारगोटी, पाटी, स्फटिक. मग मासा, पाणी, पाव. फार नाही, लांब वाक्य त्याला कधीच जमलं नाही. रोस्विटाचं नाव तर येता येईना. त्याऐवजी दर वेळी तोंडातून "पाटी" निघायचं. "पाटी, कॉफी." "पाटी, ये." तिने आधी दुरुस्त करून पाहिलं, मग ओ देऊ लागली. दुकानातल्या जुन्या मैत्रिणी चिडवायच्या, "काय गं पाटी, आज काय लिहिलंय तुझ्यावर?" तिचं नाव आलं ते दुसऱ्या हिवाळ्यात, आणि तेही ती खिडकी उघडी टाकून गेली म्हणून रागावून हाक मारताना. ती धावत आली आणि म्हणाली, "पुन्हा ओरड बघू."

क्लबाचे लोक शनिवारी दगड घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात येऊ लागले. आता ते टाकीसमोर नाही, टेबलासमोर बसायचे, आल्बानच्या तोंडाकडे तोंड करून. दगड आल्बानच्या हातात जायचा. हात ठरवायचा, आणि का ते रोस्विटा सांगायची. "हा ओढ्यातला आहे ना? वर पूर्वी खाण होती. नको." "हा चालेल, पण तुझ्या माशांचे पंख लांब आहेत, ही कड आधी घास." नवखा कुणी विचारायचा, "काकू, तुम्ही कारखान्यात होतात का?" ती म्हणायची, "छे रे, मी बुटांची."

आल्बान त्यानंतर काही वर्षं जगला आणि एका ऑक्टोबरात झोपेतच गेला. अंत्यविधीनंतर सगळ्यांना त्याला आवडायचं तसं, लाकडाच्या धुराचा वास असलेलं भाजलेलं मांस आणि मुळ्याची कोशिंबीर वाढली. फोल्करने आईला विचारलं, आता माइन्त्सला येतेस का. ती म्हणाली, बघू. गेली नाही.

एंजल म्हातारे होते. एकेक करून तेही गेले. रिकाम्या टाकीत दगड आणि फिरतं पाणी तेवढं राहिलं. एवाल्ड म्हणाला, "माझ्याकडे जातिवंत पिल्लं आहेत, आणून देतो." रोस्विटा नको म्हणाली. तिने बस पकडली, दुकानात गेली आणि शेपट्या रंगीत असलेले गप्पी घेऊन आली. क्लबातले जाणकार गप्पींना नाक मुरडतात. फार प्रजा करतात, त्यात कसब काही नाही, म्हणतात.

"गप्पी?" एवाल्ड पिशवीकडे बघत म्हणाला. "तू?"

"मला आवडतात," रोस्विटा म्हणाली. "पिशवी धर, मला बाही वर करू दे." आणि तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.